फोटोतलं ताट

वर्तमानपत्रात उभी हयात काढली, तरी नातेवाईक मला अजून विचारतात, "तू तिथे नक्की करायचीस काय?" उपसंपादक म्हटलं की त्यांना वाटतं, संपादकांच्या खालोखालचं पद असावं. खालोखालचं खरं, पण मधे बरेच मजले असतात. बातमीदार बातमी आणतो, छायाचित्रकार फोटो आणतो. उपसंपादक बातमीची कापाकापी करतो, मथळा देतो आणि फोटोखाली एक ओळ लिहितो. त्या ओळीला आम्ही फोटोओळ म्हणतो. बातमी कोणी वाचत नाही, मथळा निम्मे लोक वाचतात, पण फोटोओळ सगळे वाचतात, कारण त्यात स्वतःचं नाव आहे का ते बघायचं असतं.

फोटोओळीचा नियम सोपा. डावीकडून सुरुवात करायची, मान्यवरांची नावं पदांसकट द्यायची, आणि जो घेतोय त्याला 'गरजू' म्हणायचं. गरजूला आडनाव नसतं. मान्यवराच्या आडनावातली एक वेलांटी चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. गरजूच्या घरात काही चुकलं तर फोन येत नाही, त्यामुळे आमच्या पेशात गरजूविषयी चूक होतच नाही असा समज आहे.

दिवाळी अंकासाठी 'वृत्तपत्रसृष्टीतल्या गोड आठवणी' लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. गोड आठवणी माझ्याकडे नाहीत. फराळाच्या अंकात चार मिरच्या चालतील असं गृहीत धरून लिहिते.

शहर पानावर जी भूक यायची तिचा एक हंगाम असे. पितृपंधरवड्यात यायची, दिवाळीच्या आधी फराळवाटप म्हणून यायची आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला हमखास यायची. एका वाढदिवसाचा फोटो मला विसरता येत नाही. सरकारी दवाखान्यात फळवाटप होतं. एका केळ्याला इतक्या कार्यकर्त्यांनी हात लावला होता की केळं दिसतच नव्हतं, नुसता हातांचा घड दिसत होता. खाटेवरचा म्हातारा कॅमेऱ्याकडे बघण्याऐवजी परिचारिकेकडे बघत होता. छायाचित्रकाराने नंतर सांगितलं, म्हाताऱ्याचं त्या दिवशी ऑपरेशन होतं आणि त्याला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. फोटो झाल्याबरोबर परिचारिकेने केळं काढून घेतलं, आणि पुढच्या खाटेवरच्या फोटोला तेच केळं वापरलं गेलं. फळ वाया गेलं नाही, एवढं कौतुक केलंच पाहिजे.

बाकीच्या दिवसांत 'भूक' हा शब्द शहर पानावर चालत नसे. मेळघाटातली भूक पहिल्या पानावर जायची, रीतसर चौकटीत. भूक पुण्यापासून जितकी लांब, तितकी आमच्याकडे वर चढायची. हडपसरच्या पुढे किंवा कात्रजच्या घाटाखाली कोणी उपाशी असलं तर ती 'गैरसोय' व्हायची. ह्याचं कारण मला उशिरा कळलं. नवीन अर्थव्यवस्था आली, पेपर रंगीत झाला, आणि खालच्या मजल्यावरचा जाहिरात विभाग वरच्या मजल्यावर आला. वाघोलीतल्या, बिबवेवाडीतल्या फ्लॅटच्या अर्ध्या अर्ध्या पानाच्या जाहिराती येऊ लागल्या. ज्या पानावर 'डोंगराच्या कुशीत स्वप्नातलं घर' छापायचं, त्याच पानावर त्या घराच्या भिंतीपलीकडे चूल पेटत नाही असं कसं छापणार? शनिवारी मात्र खाद्यपुरवणी निघायची. तिच्यात 'भूक' हा शब्द हवा तितक्या वेळा यायचा, बहुतेक वेळा 'चाळवते' ह्या क्रियापदाबरोबर.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि त्याचे हादरे आमच्या नगर रोडला बसले, त्या वर्षीची ही गोष्ट. कंपन्यांनी माणसं कमी केली, फ्लॅटची बुकिंगं थांबली आणि वाघोलीत अर्धवट इमारती सळया वर करून उभ्या राहिल्या. माझी भाची तिथे राहायची, आयटीत नोकरीला होती. तिच्या गॅलरीतून खाली पत्र्यांची वस्ती दिसायची. वाशीम, यवतमाळकडून बांधकामावर आलेली माणसं. ती एकदा मला म्हणाली, "मावशी, काम बंद आहे ना, मग ही माणसं खातात काय? रोज दुपारी एका मोठ्या पातेल्याभोवती सगळे बसलेले असतात. कुठल्या एनजीओचं आहे का ते? गाडी तर कधी दिसत नाही."

मी बघायला गेले. ते पातेलं कुठल्याच संस्थेचं नव्हतं. अनसूया गावंडे नावाच्या बाईचं होतं. पन्नाशीची, दणकट, आवाजाला उतार नसलेली बाई. स्वतःच्या कर्तबगारीविषयी तिला बिलकूल संकोच नव्हता. मी नाव विचारायच्या आत तिने आपलं माहेर, सासर आणि आपण केलेल्या वांग्याच्या भाजीची कीर्ती सांगून टाकली.

व्यवस्था अशी होती. वस्तीतली प्रत्येक बाई स्वयंपाकाला धान्य घेताना आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. घरात दोन मुठी असल्या तरी एक डब्यात. ते डबे अनसूयाबाईंच्या पातेल्यात रिकामे व्हायचे. ज्याच्या घरी चूल नव्हती, म्हणजे एकटे आलेले मिस्त्री, बिगारी, पाय मोडून पडलेला एखादा, ते दुपारी येऊन जेवायचे. काम मिळालं की तेही मूठ टाकायचे. आज देणारी उद्या खायला बसायची. कोण देतंय आणि कोण खातंय, हे कोणी मोजत नव्हतं आणि कोणी कोणाचे आभार मानत नव्हतं. ही रीत त्यांच्या गावाकडची होती, बायकांनी ती सामानाबरोबर इथे आणली होती.

"मूठ हाय म्हणून चाललं हाय बाई," अनसूयाबाई म्हणाल्या. "कोनाचं उपकार नाही, म्हणून खानाऱ्याची मान वर राह्यते. आमचे देविदास बुढे हायत ना, मिस्त्री, ते उपाशी मरतीन पन धर्माचं खानार नाहीत. मुठीचं खातात. कारन त्याईनंही टाकली होती कधी."

मी आनंदात ऑफिसला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात भुकेची अशी बातमी होती, जिच्यात केळं नव्हतं. निवासी संपादकांनी ती वाचली आणि चष्मा काढला. गृहस्थ वाईट नव्हते. पण वाईट नसणं हा त्यांचा एकमेव गुण होता.

"देवधरबाई, छान आहे. पण ह्यात देतंय कोण?"

"सगळ्या बायका."

"आणि घेतंय कोण?"

"त्याच. आणि बाकीचे."

"मग फोटोत काय दाखवायचं?" त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. "देणारा एकीकडे, घेणारा एकीकडे असं काही दिसलं पाहिजे ना. मान्यवर कोणी नाही का तिथे?"

मी म्हटलं, मान्यवर आले असते तर पातेलं लागलं नसतं. हे त्यांना आवडलं नाही. बातमी 'जागेअभावी' थांबली. जागेअभावी हा शब्द वाचकांना माहीत असावा म्हणून सांगते: जागा असते, अभाव दुसऱ्या कशाचा तरी असतो.

पण बातमीचा वास वरच्या मजल्यावर गेला होता. जाहिरात विभागाने एका सॉफ्टवेअर कंपनीला ती वस्ती सुचवली. कंपनीत सामाजिक जबाबदारीचा एक विभाग होता आणि त्याचे प्रमुख होते नीरज नावाचे तरुण साहेब. माणसं कमी केल्यामुळे कंपनीचं नाव जरा खाली आलं होतं, ते वर काढायचं होतं. ठरलं: कंपनी वस्तीत अन्नाची पाकिटं वाटणार, आमचा छायाचित्रकार सुभाष फोटो काढणार, शहर पानावर येणार. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. योगायोग असेलही.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. शहर पानावर रंगीत फोटो. अनसूयाबाई आणि नीरजसाहेब समोरासमोर, मधे एक ताट, ताटाला दोघांचे हात. मथळा: 'भुकेल्या वस्तीला आयटीचा घास'. खाली ओळ: 'वाघोलीतील गरजू महिलेला अन्नदान करताना (डावीकडून) नीरज...' आणि पुढे आडनाव, हुद्दा, कंपनी, सगळं शुद्धलेखनासकट.

डावीकडून! डावीकडे अनसूयाबाई होत्या.

मी सुभाषला गाठलं. तो खालमानेने म्हणाला, "मॅडम, मी फक्त फोटो पाठवला, ओळ डेस्कवरच्या उपसंपादकाने टाकली. तिथे वेगळंच झालं होतं." आणि त्याने सांगितलं ते असं. साहेब वेळेवर पोचले, पण पाकिटांचा टेम्पो नगर रोडच्या गर्दीत अडकला. दुपार टळायला आली. साहेब सकाळी नाश्ता न करता निघालेले, उन्हात उभे राहून पांढरे पडले. अनसूयाबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, दुपारच्या वक्ताले दारात आलेला मानूस उपाशी जात नसते. त्यांनी पातेल्यातून ताट वाढलं आणि साहेबांच्या पुढे धरलं. साहेबांनी घ्यायला हात पुढे केले. सुभाषने कळ दाबली. टेम्पो आला तेव्हा साहेब दुसऱ्यांदा भाजी मागत होते.

म्हणजे त्या फोटोत भुकेला असा एकच माणूस होता आणि तो आयटीतला होता. पण डेस्कवरच्या पोराने इस्त्रीचा शर्ट पाहिला, विटलेलं लुगडं पाहिलं आणि कोण कोणाला देतंय ते ठरवून टाकलं. त्याचा तरी काय दोष? आम्हीच त्याला असं बघायला शिकवलं होतं. ताट कुठल्या दिशेने चाललंय हे हातावरून ओळखायचं नसतं, कपड्यावरून ओळखायचं असतं.

मला वाटलं, गोष्ट इथे संपेल. वस्तीत पेपर येतो कुठे? पण पेपर वडे बांधूनही येतो, आणि फोटोतलं माणूस ओळखायला अक्षरं लागत नाहीत. दोन-तीन दिवसांनी खालून रखवालदाराचा फोन आला, "मॅडम, तीन बायका आल्यात, तुमचं नाव घेऊन ओरडतायत." तीन नव्हत्या ओरडत. एकच ओरडत होती.

"हे काय लिवलं तुमी?" अनसूयाबाईंनी पेपरचा तेलकट तुकडा माझ्यापुढे धरला. "मी ताट देऊन राह्यली होती! तुमी लिवलं, घेऊन राह्यली!"

मी म्हटलं, चूक झालीय, मला माहीत आहे.

"तुमाले मालूम हाय, मंग वस्तीले काहून मालूम नाही? घरोघरचे गडी म्हनून राह्यले, आमच्या बायका पेपरात भीक मागतात काय? मूठ टाकू देत नाहीत बायकाईले. आर्ध्या घरांचे डबे बंद झाले." त्या थांबल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अन् देविदास बुढे जेवाले येत नाहीत. म्हनतात, ते कंपनीचं धर्माचं अन्न झालं आता. पातेल्यात मूठच हाय म्हनून सांगतलं, तर म्हनतात, पेपर का खोटं लिवते?"

पेपर का खोटं लिहील? चाळीस वर्षं वाशीमच्या गावापासून पुण्यापर्यंत भिंती बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याचा आमच्यावर एवढा विश्वास होता आणि त्या विश्वासापायी तो उपाशी झोपत होता. मला त्या क्षणी लाज वाटली, आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी जास्त काय ते अजून सांगता येत नाही.

"खुलासा छापा," अनसूयाबाई म्हणाल्या. शब्द त्यांना माहीत होता. "छापलं तं छापून पुसा."

मी वर गेले. निवासी संपादकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघितलं. "बाई, खुलासा म्हणजे कंपनीची फजिती. पुढच्या महिन्यात त्यांची पानभर जाहिरात आहे. आणि ताट देणं-घेणं हा काय मोठा तपशील आहे? अन्न पोचलं ना?"

मी नीरजसाहेबांना फोन केला. बिचारा सरळ माणूस होता. "ॲक्चुअली मॅडम, मलाही तो फोटो बघून ऑकवर्ड झालं. त्या काकूंनीच मला जेवायला वाढलं. इट वॉज सो गुड! पण प्लीज, मला कोट करू नका. आमच्या बॉसने तो फोटो फ्रेम केलाय."

आणि तरीही खुलासा आला. दुसऱ्याच दिवशी, शहर पानावर, चौकटीत. मी धावत जाऊन पान पाहिलं. 'नजरचुकीने छायाचित्राखाली नीरज यांचा हुद्दा उपव्यवस्थापक असा प्रसिद्ध झाला. ते वरिष्ठ व्यवस्थापक आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

अनसूयाबाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना तो खुलासा वाचून दाखवला. त्या हसतील किंवा शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "वरचे नाही म्हनतात, मंग या पेपरात दुसरं कोन छापते?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. आमच्या इमारतीत तळमजल्यावर छोट्या जाहिरातींची खिडकी होती. नावात बदल, कागदपत्रं हरवली, अमक्याशी आमचा संबंध नाही, असलं काहीही तिथे छापून मिळे. संपादकांचा त्या खिडकीशी संबंध नसे. शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, सही घ्यायची, छापायचं. मी त्यांना तिथे नेलं. खिडकीत बसणारे गृहस्थ मूळचे नारायण पेठेतले, ते दुपारी गिऱ्हाईकाकडे बघायचे नाहीत, तेव्हाही बघितलं नाही.

मजकूर मी लिहून दिला: 'आमच्या पक्षकार... कृपया सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी की...'

"'कृपया'चे पैसे पडतात का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"पडतात," खिडकी म्हणाली.

"मंग काढा. 'नोंद घ्यावी' कायले? ज्याले वाचाचं तो वाचीन. तेही काढा."

असं करत करत माझा एकही शब्द त्यांनी ठेवला नाही. मी जन्मभर लोकांची कॉपी, म्हणजे मजकूर, कापली, माझी कॉपी इतकी कोणी कापली नव्हती. शेवटी त्या बोलल्या तेच मी उतरवलं: 'वाघोलीच्या फोटोत ताट मी दिलं. साहेब पाहुणे. जेवून गेले. पातेलं मुठीचं होतं, आहे. अनसूया गावंडे.' आमच्या पेपरात त्या वर्षी ह्याहून चांगलं मराठी छापून आलं नाही, हे मी सांगते, आणि मी ते सगळं वाचलेलं आहे.

ती जाहिरात 'हरवले आहे' आणि 'नाव बदलले आहे' ह्यांच्या मधे आली. कंपनीतून फोन आला. निवासी संपादकांनी मला बोलावून विचारलं, हे कसं झालं? मी म्हटलं, जाहिरात आहे, आपण जाहिरातदारांना दुखवत नाही. त्यानंतर त्यांनी मला शहर पानावरून काढून राशिभविष्याला बसवलं. तिथेही मी बऱ्यापैकी खरं लिहायचा प्रयत्न केला.

नीरजसाहेबांना कंपनीने त्याच मंदीत घरी बसवलं, असं भाचीकडून कळलं. ते आमच्या पेपरात आलं नाही. त्यात ताट नव्हतं.

मी वस्तीत गेले ती नंतर एका दुपारी. पिठाच्या गिरणीच्या दारावर जाहिरातीचं कात्रण चिकटवलेलं होतं आणि गिरणीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवत होता, दळणाच्या आवाजावर आवाज काढून. डबे पुन्हा सुरू झाले होते. पातेल्याजवळच्या पंगतीत शेवटाला एक म्हातारा पाय लांब करून बसला होता, तापट चेहऱ्याचा, आणि भाजीत मीठ कमी आहे असं मोठ्याने सांगत होता. अनसूयाबाईंनी ओळख करून दिली, "हे आमचे देविदास बुढे."

मी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "पेपरवाल्या का तुमी? खरं छापलं तुमी. बरं केलं."

अनसूयाबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, "बाई, मले एक सांगा. खोटं तुमी फुकटात छापता, अन् खऱ्याले शब्दाशब्दाचे पैसे कायले घेता?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. दुपारची वेळ होती. त्यांनी ताट वाढलं आणि माझ्यापुढे धरलं.

फोटो काढायला तिथे कोणी नव्हतं. पण सवयीप्रमाणे ओळ मी मनात लिहिली, तीच इथे देते. डावीकडून: अनसूया गावंडे, ताट देताना. उजवीकडची बाई भुकेली होती, जेवून गेली.